पड टाकलेल्या शेताची नोंद

जव्हार, जि. ठाणे
दि. ६ मे २००७

चि. हरेश यास मधुकरचे अनेक आशीर्वाद. सौ. जयवंतीस व मुलांसही तेच, समप्रमाणात. तुझा गुडघा कसा आहे हे पत्राच्या प्रारंभी विचारणे उचित, म्हणून विचारतो. मात्र उत्तर सविस्तर नसावे, कारण मागील पत्रात त्याने अडीच पाने व्यापली होती. माझी प्रकृती उत्तम आहे. स्वयंपाक मी स्वतः करतो व स्वतःच जेवतो, त्यामुळे तक्रारीस वाव राहिलेला नाही.

तुझ्या पत्राचा मुख्य मुद्दा असा की, तुझी थोरली बहीण कै. हिराबाई हिचे जामसरच्या उतारावरील शेत तीन वर्षे पडीक आहे. येथील शेतकी संस्थेच्या संगणकात जी शेते ‘पडीक’ म्हणून नोंदली जातील, ती सर्व यंदा काजू लागवडीच्या यादीत जाणार. तेव्हा मी उगाच हट्ट न धरता खड्डे खणू द्यावेत. हरेश, तुझा हेतू चांगला आहे. काजूशीही माझे वैर नाही. परंतु त्या शेतातील शेवटचे पीक, खुरासणी, हिराबाईने स्वतः झोडपले आणि त्याच पौषात ती गेली. तेथे कोणाची कुदळ लागू नये, शेत आहे तसे राहावे, एवढीच माझी इच्छा होती. आणि कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, पुण्याच्या अभियंत्यासह समस्त संगणकशास्त्राचा पराभव करून ती मी सिद्धीस नेली आहे.

प्रकार असा घडला. संस्थेच्या संगणकात अन्नद्रव्य व्यवस्थापनाची एक प्रणाली बसविली आहे. कोणत्या शेतात कोणत्या वर्षी कोणते पीक होते, हे फेरपालटीचे तपशील भरले की नत्र, स्फुरद व पालाश किती द्यावे हे ती छापून देते. तपशील भरण्याचे काम मी निवृत्तीनंतर विनावेतन पत्करले (बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र; प्रथम वर्ग थोडक्यात हुकला, हे तू सर्वांना सांगतोसच). संगणकावर बसणारी प्रतिभा ही मुलगी हुशार आहे. फक्त कळफलकास स्पर्श करण्यापूर्वी मी हात धुतो, याचे तिला विनाकारण हसू येते. आता आपल्या उतारावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग जमीन दमली म्हणून काही वर्षे पड, हा क्रम तुला मी सांगावा असे नाही. प्रणालीस मात्र तो कोणीच सांगितलेला नव्हता. चौथ्या वर्षाचा रकाना रिकामा ठेवला की ती लाल होई व घंटा वाजवी. एक तर पीक निवडा, नाही तर ‘पडीक’वर खूण करा, असा तिचा आग्रह, आणि खूण केली की शेत थेट काजूच्या यादीत. हिराबाई असती तरी खुरासणीनंतर तिने ते शेत पडच टाकले असते. मग जी गोष्ट फेरपालटीचा भाग आहे, तिला आळस का म्हणावे?

प्रथम मी ‘गवत’ हे पीक निवडले. विधान खोटे नव्हते, गवत होतेच. त्यावर प्रणालीने जामसरच्या अख्ख्या उताराला, कातळासकट, युरिया सुचविला. ते छापील कागद मी वाटले (त्या दिवशी मला ताप होता, असे समज). हिराबाईच्या शेताशेजारी कसणाऱ्या सावळाने आपला कागद कपाळाला लावून घडी घातली. त्याची बायको हौशी मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “गुरुजी, गवताला खात टाकलं त ते ढोरांच्या वर जाल. मंग ढोरा शोधाला तुमचा कंपुटर येल का?” सावळा म्हणाला, “गप गं, सरकारी कागद हाय.” “मंग सरकारला सांग ढोरा शोधाला!” मी कागद सन्मानपूर्वक परत घेतले.

नंतर ‘इतर पिके’ या सदरात मी ‘विश्रांती’ असा शब्द घातला. प्रणालीने विश्रांतीचे हेक्टरी उत्पादन विचारले. मी प्रामाणिकपणे शून्य भरले. तत्क्षणी तिने पीक रोगग्रस्त असल्याचे जाहीर करून जस्ताची फवारणी लिहून दिली. तिसऱ्या खेपेस प्रतिभाने ‘तूर’ टाका म्हणून सुचविले. शास्त्राच्या पदवीधराने न पेरलेली तूर नोंदवावी काय, या विचारात मी असतानाच भारनियमन सुरू झाले व नैतिक प्रश्न आपोआप सुटला.

अखेर ही प्रणाली रचणाऱ्या अभियंत्यास मी पुण्यास रजिस्टर पत्र पाठविले. विश्रांती हे पीक नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. मी जमिनीतील जिवाणूंवर सहा पाने लिहिली. उत्तर एका ओळीचे आले. मी नऊ पाने लिहिली. तेव्हा अभियंता स्वतःच एस.टी.ने आला (मला वाटते, पत्रे थांबावीत म्हणून). बूट हातात घेऊन तो उतार चढला, सावळाच्या अंगणात बसला, आणि त्याच त्या सुरात म्हणाला की, ज्या जमिनीतून काही निघत नाही ती पडीकच. हौशीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या आदळला. “तू जेवून आडवा झालास का तुझी बायको तुला पडीक म्हंते का रं?”

“रोजच म्हणते, मावशी,” तो म्हणाला, आणि स्वतःच हसू लागला. माझ्या पंधरा पानांनी न झालेले कार्य तेथे झाले, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण भूमिका पानांनीच तयार केली होती.

गेल्या सोमवारी सुधारलेल्या प्रणालीची नवी तबकडी आली. पिकांच्या यादीत आता भात, नागली, वरई, खुरासणी, उडीद यांच्या पंक्तीस ‘पड’ मानाने बसली आहे. नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश शून्य, काजू शून्य! हिराबाईच्या शेताची नोंद मी स्वहस्ते केली. लाल नाही, घंटा नाही. मी कार्यालयात पेढे वाटले, आणि प्रतिभाने हात न धुता दोन घेतले. तेव्हा काजूचा विषय येथे संपला असे समजावे, व विजयी पक्षाचे अभिनंदन करावे.

तुझा दाजी,
मधुकर

ता. क. – ‘पड’ यादीत घेताना तिची मुदतही भरावी लागते, हे वर लिहिण्याचे राहिले. मी सावळास विचारले. आपल्या मातीला तीन वर्षे पुरे, असे तो म्हणाला, व मी तसे भरले.

आणखी एक ता. क. – हिराबाईच्या शेताची नोंद पूर्ण होताच पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले: ‘पड पूर्ण. यंदा नागली.’ संगणक बंद करून पुन्हा सुरू करविला. तेच आले. वाद घालण्यास जागा नाही. सर्व माहिती माझीच आहे.

शेवटचा ता. क. – सबब नागलीच्या रोपांसाठी राब भाजण्यास तुम्ही उभयतांनी येत्या आठवड्यात निघून यावे. हिराबाईने जयवंतीस दिलेले नागलीचे बियाणे असेल, ते आणावे. सावळा नांगरास बैल देतो आहे. ती गेल्यापासून मी त्या शेतावर चढलेलो नाही, आणि एकट्याने चढणे या वर्षीही जमेल असे दिसत नाही. शिवाय मी रोपे वाकडी लावीन, हे तुझी बहीण लग्नापासून सांगत असे. ते सांगणारे कोणीतरी शेताच्या कडेला असावे.