पुठ्ठा कोरडा

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०
आजपासून रोज नोंद ठेवायची. मोटरसायकल सत्तावीस वर्षांची. दोन गळत्या: पेट्रोलची आणि कूलंटची. काल हिला समजावून सांगितलं की कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी. ही म्हणाली, रंग मला ठाऊक आहे, माझ्या चपलेवर नऊ वर्षं आहे.
चपलेवर डाग पडला तेव्हापासून ही गाडीवर मागे बसलेली नाही. बसने जाते.
आता तिची अट. गाडीची शेड स्वयंपाकघराला लागून, पेट्रोलचा वास थेट गॅसपाशी येतो. म्हणाली, एक दिवस आपण दोघं वर जाऊ, तेही गाडीशिवाय. २३ तारखेला गाडी जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला द्यायची. मात्र त्याआधी लागोपाठ तीन सकाळी जमीन कोरडी दिसली तर गाडी राहील, शिवाय २२ला ही मागे बसून बहिणीकडे येईल.
तीन आठवडे आहेत. भरपूर झाले.

३ फेब्रुवारी
गाडीखाली पुठ्ठा घातला. चाळीस वर्षं पुस्तकांचं बाइंडिंग केलं, घरात पुठ्ठ्याला तोटा नाही. सकाळी दोन डाग. मधोमध हिरवा, डावीकडे पेट्रोलचं कडं. निदान झालं. म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं संध्याकाळी.

संध्याकाळी
डोळा लागला.

५ फेब्रुवारी
उताराखालच्या मेकॅनिकला सहज विचारलं. म्हणाला, काका, वीस मिनिटांचं काम, पाइप बदलायचे. मनातल्या मनात हसलो. पान सुटलं म्हणून कुणी पुस्तक बदलतं का? गळती म्हणजे शेवटी सैल झालेली बांधणी. माझाच विषय.

८ फेब्रुवारी, रविवार
कूलंटच्या पाइपला बाइंडिंगचं कापड, दोन पदरी, वर सरस. पेट्रोलच्या कॉकला पुठ्ठ्याचा वॉशर. इतकं सुबक झालं की पाइपवर सोनेरी अक्षरं छापायचा मोह कसाबसा आवरला. हिला बघायला बोलावलं. म्हणाली, छान आहे, वाचनालयात द्या.

९ फेब्रुवारी
कापड हिरवं. वॉशरचा लगदा. कारण उघड आहे: सरस वाळू दिला नाही. घाई माझी नव्हती, अट कुणी घातली?

११ फेब्रुवारी
दुसरा थर. पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून पावावर आलाय. गाडी तर जागची हललेली नाही, म्हणजे काटा बिघडला. सवडीने बघू. हिने विचारलं, पेट्रोल जातंय कुठे? सांगितलं, कुठेही जात नाही, काटा खोटं बोलतोय. ही म्हणाली, खोटं बोलून काट्याला काय मिळणार?
सरस ढवळायला घेतला. कामात होतो.

१२ फेब्रुवारी
कंबर धरली. विश्रांती हाही दुरुस्तीचा भाग आहे, सरस वाळतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
तिसरा थर. काटा तळाला टेकला. पूर्ण निकामी झाला बिचारा. पण डाग लहान होत चाललेत! हिरवा तर बटणाएवढाच. कूलंटच्या बाटलीत बाहेरून पाहिलं. इतकं नितळ, जणू आत काही नाहीच. हिरवा रंग तळाला बसला असावा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. पहाटे ५.४५
पुठ्ठा कोरडा.
हिला उठवून दाखवला. हिने तो हुंगला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला. म्हणाली, वासही नाही. कौतुक मोजक्या शब्दांत करायची तिची सवय आहे.

२० फेब्रुवारी
कोरडा. इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहिलं. पेट्रोलपंपाचं चित्र असलेला लाल दिवा लागला. इतकी वर्षं मेलेला होता, आता आपोआप सुधारला. एक दुरुस्त केलं की बाकीचं रांगेने दुरुस्त होतं.

२१ फेब्रुवारी
कोरडा. तीन झाले. पुठ्ठा घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्याने विचारलं, काका, टाकीत पेट्रोल आहे ना? यश मिळालं की माणसाला काय काय ऐकावं लागतं.
हिने बहिणीला फोन केला. हेल्मेट धुऊन वाळत घातलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. रात्री
सविस्तर लिहायची इच्छा नाही.
ही मागे बसली. नऊ वर्षांनी खांद्यावर हात आला. फाटकातून निघालो, उताराला लागलो. गाडी वाऱ्यासारखी. ही म्हणाली, अहो, आवाजसुद्धा नाही! मी म्हटलं, बाइंडिंग.
उतार संपला तिथे गाडीही थांबली. बरोबर मेकॅनिकच्या दारात. इंजिन फाटकापाशीच बंद पडलं होतं.
मेकॅनिकने टाकीचं झाकण काढलं. तळाचा पत्रा दिसला. कूलंटची बाटली ठणठणीत कोरडी. म्हणाला, काका, गळायला काही उरलंच नाही. काटा बरोबर होता. मग पाइपवरचं कापड सोडवत बसला. सोडवायलाच वीस मिनिटं लागली, हे नमूद करतो. बांधणी मजबूत होती.
बसमध्ये मांडीवर दोन हेल्मेट घेऊन बसलो होतो. ही म्हणाली, मला गुरुवारीच कळलं होतं, वास गेला तेव्हा. विचारलं, मग बसलीस कशाला?
खिडकीबाहेर बघत म्हणाली, तेवढा उतार तरी जाईल म्हटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.००
काल व्यापारी आला होता. हिनेच दारातून परत पाठवला. माझे पाने आणि सरसाचं भांडं तिच्या कपाटात, किल्ली कमरेला. गाडीला हात लावायचा तो पुसण्यापुरता.
टाकी भरलेली आहे. झाकण उघडून पाहिलं, मग हिला बोलावून दाखवलं. कूलंट खुणेपर्यंत.
पुठ्ठा कोरडा.
काम मेकॅनिकचं. पुठ्ठा मात्र माझा.