नात्याचा रकाना

हिंगोली, ६ ऑगस्ट २०२५

चि. व्यंकटरावास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललेलं तुझ्या घरात ऐकू जातं, म्हणून लिहिते. आपला शिवादादा जिवंत आहे. वीस वर्षं घराबाहेर, बहुतेक रेल्वे स्टेशनावर. आता एका संस्थेने अशा सहा जणांना गावाबाहेर भाड्याच्या खोल्या घेऊन दिल्यात. संस्थेची मिना आठवड्यातून दोनदा डोक्याच्या आजाराच्या गोळ्या द्यायला येते. तिनेच माहेरच्या आडनावावरून मला शोधलं.

मी जाऊन आले. दारापुढून उघडी नाली, खांबाला दिवा नाही. खोली मात्र झाडलेली. सुरुवातीला तो उंबऱ्याबाहेरच निजायचा. शेजारची चंदाबाई तांड्यावरची. घर भेटलं तर घरात काहून झोपत न्हाई, कुत्रं हायेस का, म्हणून तिने झापलं. तेव्हापासून आत झोपतो.

गल्लीला ही माणसं नको आहेत. घरमालक म्हणतो, नात्यातल्या कोणाची तरी सही आणा, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करा. हमीचा कागद सोबत आहे.

तुझ्या अनुश्रीच्या लग्नाआधी आपण पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया केली, हे मी त्याला सांगितलं नाही. दर वर्षी त्याच्या श्राद्धाला मीही तुझ्याकडे जेवले आहे.

सही कर.

तुझी,
गंगूताई


कळमनुरी, ११ ऑगस्ट २०२५

ती. गंगूताईस शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. पूजेच्या पिशवीत ठेवलं आहे, तिथे कोणी हात घालत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. क्रियेच्या पंधरा दिवस आधी मी त्याला स्टेशनावर पाहिलं होतं. नळावर तोंड धूत होता. त्याने मला ओळखलं आणि तोंड धूतच राहिला. मी गाडीत बसलो. गुरुजींना सांगितलं, बारा वर्षं खबर नाही. अनुश्रीच्या सासरच्यांना भटकणारा चुलता चालला नसता. मेलेला चालला.

इथे देवळात लोक माझ्या हातून तीर्थ घेतात. सही केली आहे. नात्याच्या रकान्यात भाऊ लिहायला हात धजला नाही. ओळखीचा असं लिहिलं आहे. सांभाळून घे.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
व्यंकट


हिंगोली, १९ ऑगस्ट २०२५

चि. व्यंकटरावास आशीर्वाद.

कागद घेऊन गेले. घरमालकाने वाचला आणि ओळख तर माझी कलेक्टरशीपण आहे म्हणून हसला. मिना मला म्हणाली, तुम्ही सख्ख्या बहीण, तुम्हीच करा. मी इथेच राहते, सही मीच करू शकत होते, हे पहिल्या पत्रापासून तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या नचिकेतला मुली पाहणं चालू आहे. मी चष्मा विसरले म्हणून सांगितलं. चष्मा पिशवीत होता.

शिवादादा शेजारीच उभा होता. त्याने घरमालकाला सांगितलं, बाईंना तकलीफ देऊ नका, त्या नुसत्या भेटायला येतात.

तेवढ्यात चंदाबाई पिठाच्या हातानेच आली. आमी मेलो का, म्हणाली. मिनाकडून रकान्यात बहीण लिहून घेतलं. घरमालक म्हणाला, तू लमाण, हा बामण, बहीण कशी? तिने विचारलं, ह्याला ताप आला की कोण उठतं, तुमी? त्याने कागद घेतला. खोली राहिली.

सहीला पेन माझा होता. तिने तो पुसून परत दिला.

लोभ असू दे, असं लिहायला आज तोंड नाही.

गंगूताई