ओढ्याकडून आलेले दोन बार

१२ ऑक्टोबर १८६२, टेनेसी

पाऊस. मावसभाऊ लायमन रात्री ओढ्याच्या उतारावर पहाऱ्याला, एकटा. माझे कोरडे मोजे घालून गेला. "तुझे पाय काय, तंबूतच लोळणार!" म्हणे.

१४ ऑक्टोबर

काल लिहिलं नाही.

काल सकाळी कॉफी उकळत होती. ओढ्याकडून एक बार. जरा वेळाने दुसरा. सार्जंट टुपर उठला — "काय रे ते?" मीच म्हणालो, "बसा हो. पहारा सुटला असेल, भिजलेल्या बंदुका रिकाम्या करतायत." रोजचंच होतं ते. रात्रभर भरून ठेवलेली बंदूक दमट होते, मग सकाळी परतताना ती झाडूनच मोकळी करायची. टुपर बसला.

मग घोडे आले. दक्षिणेचे स्वार, दोनशे तरी. आमची माणसं नुसत्या सदऱ्यावर, बंदुका पलीकडे रचून ठेवलेल्या. तिथवर कोणी पोचलंच नाही. टुपर कॉफीच्या भांड्याशेजारीच मेला. अर्ध्या तासात सगळं उरकून, आमचे घोडे आणि चाळीस कैदी घेऊन ते गेले. मी गाडीखाली होतो.

१५ ऑक्टोबर

एकोणीस जणांना पुरलं. रडू येत नाही. भूक मात्र लागते. लायमनचा पत्ता नाही. टोपी सापडली, चिखलात तुडवलेली. मेलाच असणार.

१७ ऑक्टोबर

चौकशी. कॅप्टन व्हीलॉक म्हणाले, "पहारेकरी झोपला होता. नाहीतर इशारा का नाही दिला? तू जागा होतास. बार ऐकलास?"

बाकीच्यांना काही आठवत नाही. सकाळचे बार कोण लक्षात ठेवतो! हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न — मग तू काय केलंस?

"नाही, साहेब."

कागदावर सही केली. झोपलेल्या पहारेकऱ्याला गोळी घालतात, पण मेलेल्याला काय घालणार? मावशीला मात्र तसंच कळवतील. लाज वाटायला हवी. काहीच वाटत नाही.

१८ ऑक्टोबर

डाळ शिजवली. कच्ची राहिली.

२२ ऑक्टोबर

पुन्हा लढणार नाही अशी शपथ घ्यायला लावून त्यांनी आमचे कैदी सोडले. दुपारी चालत आले. रांगेत तिसरा लायमन, जिवंत. पहाऱ्यावर झोपला म्हणून आमच्याच दोन शिपायांनी त्याला तिथेच धरलं.

मला बघून म्हणाला, "दोन बार काढले रे मी. ऐकलेस ना?"

"हो."

"मग सांग की यांना!"