हळदीच्या धुळीचा खोकला

माधवनगर, सांगली
१३ एप्रिल २०२५, रविवार

प्रिय दिग्विजय,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुम्ही वाईला शाळेच्या परीक्षांत बुडाला असाल. फोनच करणार होते, पण तुमचा फोन निम्मा वेळ पल्लवीवन्संच्या हातात असतो. हे त्यांनी तुमच्या आधी वाचलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाईला कळेल.

मधाची बाटली आणि मास्कचं पुडकं मिळालं. मास्क लावून हळदीच्या अडत दुकानात गेले, तर हमाल पोत्यांवर बसून हसत होते. मध आई रोज चाटतेय. तिचा घसा अगदी छान झालाय.

माझा मात्र व्हायचा नाही, कारण माझा खोकला हळदीच्या धुळीचा नाहीच. पहिल्या भेटीत मी तसं ठोकून दिलं, तुम्ही लगेच विश्वास ठेवलात, आणि मग मला मागं फिरता येईना.

जन्मले तेव्हा माझी अन्ननलिका मध्येच तुटलेली होती आणि तिचं खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं. पोटात दूध जाईना. आठवड्याच्या आतच ऑपरेशन करून टोकं जोडली. जोड टिकला, पण तो अधूनमधून आकसतो, घास अडकतो, आणि दुर्बीण घालून फुग्यानं रुंद करावा लागतो. सुट्टीत बाकीची पोरं मामाच्या गावाला जायची, मी फुग्यासाठी दवाखान्यात. श्वासनलिकाही जरा मऊ राहिली, म्हणून खोकले की कुत्रं भुंकल्यासारखं वाटतं. शाळेत पोरं दगड उचलायची. मीही भुंकत त्यांच्या मागं लागायचे.

हरिबाआज्जाला मात्र त्या खोकल्याचं कौतुक. बिरोबाच्या जत्रेत मी हरवले तेव्हा सगळे नावानं हाका मारत पळत होते. आज्जा नुसता उभा राहिला, कान दिला आणि गर्दीतून सरळ माझ्यापाशी आला. आईला म्हणाला, "माझं कुठलं मेंढरू खोकलं ते मला अंधारात कळतंय. ही तर माझी नात हाय."

आता पेढा. साखरपुड्यात सगळे "अख्खा, अख्खा" ओरडत होते आणि तुम्ही शहाण्यासारखा अख्खा माझ्या तोंडात कोंबलात. तो उतरलाच नाही. तुमच्या आत्या "पोरगी लाजरी हाय" म्हणत होत्या, तेव्हा मी परसात वाकून उभी होते आणि मला थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. लाजत नव्हते हो, घाबरले होते. त्यानंतर फोन उचलत नव्हते तेव्हा तुम्हाला सांगितलं तशी मामाकडं नव्हते, दवाखान्यात होते. पेढा काढला, जोड पुन्हा रुंद केला. पुन्हा कधी लागेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. नीट चावून, पाण्याच्या घोटाबरोबर सगळं खा म्हणाले. पुढं मुलांना हे होण्याची शक्यता फार कमी, तेही मी विचारून घेतलं.

आई म्हणते, "लगीन होऊ दे, मग सांग. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतीस?" पण मांडवात पुन्हा घास भरवायचाय आणि ओरडणारे तेच असणार. त्यापुढं रोजचं जेवण आहे. तुमच्याकडं सगळ्यांची ताटं घासून झाली तरी माझी निम्मी भाकरी ताटात असेल. ते तुम्हाला चालणार आहे का, हे मला आत्ता कळायला हवं. तुम्ही मला फार आवडलात, म्हणून तर एवढी भीती वाटतेय.

पत्रिका अजून छापायला दिलेल्या नाहीत. गणपतीचं चित्र नीट नाही म्हणून मीच दादांना रोज अडवतेय. बिचारा गणपती तरी किती दिवस नावं ठेवून घेईल.

नको असेल तर स्पष्ट लिहा. मी रागावणार नाही. रडेन, ते माझं मी बघेन. हवं असेल तर पत्रिका छापा म्हणून कळवा. मग मांडवात घास चिमटीएवढा घ्या, पाण्याचा पेला हाताशी ठेवा, आणि नाव मात्र मोठ्यानं घ्या. गर्दीत मी खोकले आणि लोक वळून बघायला लागले, तर हळदीची धूळ सांगू नका. माझीच हाय म्हणा.

अजून तरी हरिबाआज्जाच्याच कळपातली,
सोनिया