श्रावणात शिजवलेलं अळणी

प्रिय पारू,

गोठ्यात तीन दगडांच्या चुलीपुढं बसून लिहितोय. पातेल्यात कोंबडी आहे. ती शिजेपर्यंत नुसता बसलो तर वेड लागेल, म्हणून ताराच्या वहीतलं पान फाडलं. तू जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज बरी आठवण आली, म्हणशील. म्हण बाई! आज मला सगळं ऐकायचंय.

आपली तारा आजारी आहे. तोच ताप गं, मुदतीचा. तुला ज्यानं नेलं तोच.

एकवीस दिवस पोरीनं दुधावर आणि पेजेवर काढले. ताप उतरला तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, "आता ताकद यायला हवी. कोंबडीचं पाणी द्या. मसाला नको, तेल नको." मी मान हलवली आणि मळवलीला उतरलो तो छाती काढूनच. कोंबडी म्हणजे काय, आपल्या हातचा मळ! भैरोबाच्या जत्रेला दीडशे माणसांचे हंडे आम्ही पुरुषच चढवतो ना?

घरी आलो तर दारातच आक्का. तू गेल्यापासून माझी ही थोरली बहीणच घर सांभाळते. तिच्या गळ्यात माळ, ते तुला ठाऊकच आहे.

"श्रावनात कोंबडी? ह्या घरात?"

"डाक्टरनी सांगितलंय, आक्का."

"डाक्टरला श्रावन नसंल, आपल्याला हाय. ताप उपाशी मारायचा असतोय. लंघन करू दे पोरीला."

"एकवीस दिस झालं की! आनकी किती?"

"मग तुझं तू कर. गोठ्यात. म्या हात लावनार न्हाई."

आपल्या भाजे गावात श्रावणात कोंबडी कोण देणार? भर पावसात ठाकरवाडीला चढून गेलो आणि एक कोवळी तलंग काखेत मारून आणली. आणि पारू, मी काय केलं ठाऊक आहे? जत्रेतलं केलं! तेल सोडलं, वर तांबडा मसाला. डॉक्टर नको म्हणाले होते म्हणून मोठं शहाणपण करून दोनच चमचे. तवंग आल्याशिवाय ताकद कसली, असंच आपल्याकडं समजतात ना! तारा इतकी भुकेली होती की वाटी दोन्ही हातांनी धरून प्याली. "झ्याक झालंय, बा," म्हणाली. दिवेलागणीला पोट धरून कळवळली, ओकली, आणि अंग पुन्हा तापलं.

सकाळच्या गाडीनं डॉक्टरांकडं धावलो. "आतडं फाटलं असतं म्हणजे?" असं इतक्या जोरात म्हणाले की बाहेरचे रोगी आत डोकावले. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "हिच्या आईला तापात काय देत होता?"

"काही न्हाई, साहेब. लंघन."

"किती दिवस?"

"अठरा."

त्यांनी लेखणी खाली ठेवली.  मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्यावरही राग आहे हां माझा! बारा वर्षं तू रांधलंस, आणि मी चुलीजवळ आलो की "हे बाप्याचं काम न्हाई" म्हणून उठवायचीस. मसाला घालायच्या आधी ताराला कोंबडीचं वाटीभर पिवळं अळणी काढून ठेवायचीस. मी त्याला म्हाताऱ्यांचं पाणी म्हणून हसायचो. त्यात काय घालतेस, किती वेळ ठेवतेस, एकदा तरी सांगायचं होतंस! पण मी तरी कधी विचारलं? ताट आणायला उशीर झाला की ओरडायचो, एवढंच माझं चुलीकडं लक्ष.

परवापासून ताप नाही. डॉक्टरांनी आज पुन्हा द्यायला सांगितलंय, म्हणून ठाकरवाडीहून दुसरी तलंग आणली. पण बजावलंय, "या वेळी ताप उलटला तर तिच्या अंगात झुंजायला काही उरलेलं नाही. दिवेलागणीला कपाळ बघा." म्हणून एक डोळा पातेल्यावर ठेवून लिहितोय. अक्षर लागत नसेल तर माफ कर.

आज आक्का आपण होऊन आली. गोठ्याच्या उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून बसली, नाकाला पदर लावून.

"पानी थंडच घातलंस ना?"

"व्हय."

"हळद, मीठ. आलं-लसूण ठेचून, बोटाच्या पेराएवढं. बास."

"बास?"

"बास म्हनलं ना! जत्रा हाय का?"

जरा वेळानं म्हणाली, "फेस आला आसंल, पळीनं काढ." बघितलं तर खरंच आलेला! मग, "जाळ वढ मागं. खदखदलं की गढूळ व्हतंय."

"तुला पाठीमागनं कसं कळतंय गं?"

"माळ गळ्यात हाय, कानात न्हाई. माळ घालायच्या आदी ईस वर्सं सासरी म्याच रांधत व्हते."

मला हसू आलं. ती हसली नाही. पाठमोरीच म्हणाली, "पारूला लंघन म्याच सांगितलं रं, महादू." आणि उठून गेली.

तिला सांगायचं राहिलं. तुला बोलतो. तुझ्या तापाच्या सोळाव्या दिवशी आक्का तिच्या गावाला गेली होती. तू माझा सदरा धरून म्हणालीस, "भूक लागलीया. जरासं अळणी द्या की कुनाकडनं करून." मी म्हणालो, "गप पड. ताप उलटंल." आठवतं ना? सांगून गेली ती आक्का, पण मागितलंस ते माझ्याकडं, आणि नाही म्हणालो तो मी. शेजारी नुसतं बोललो असतो तरी कुणीही बाई वाटीभर आणून देती. एवढं मागून तू भिंतीकडं तोंड केलंस. पारू, मी चुकलो गं!

मांस हाडापासून सुटलंय. फडक्यातून गाळून आत नेतो. बाकीचं नंतर लिहितो.

दिवा लागलाय. आता पुढचं सांगतो.

वरची चरबी पळीनं काढली आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. "तांबडं न्हाई?" म्हणून तिनं तोंड वाकडं केलं, पण प्याली. मग आम्ही वाट बघत बसलो. अंधारून आलं तसा मी कपाळावर हात ठेवला. गरम! दुसरा हात ठेवला, तोही गरम. दिवसभर चुलीपुढं बसून माझेच हात भाजलेले, त्यांना काय कळणार? मी ओरडलो, "आक्का!"

आक्का आली. जरा थबकली, पोरीच्या तोंडाला कोंबडीचा वास होता. मग वाकली आणि सरळ आपला गाल तिच्या कपाळाला लावला. कितीतरी वेळ उठेचना.

"गार हाय रं," म्हणाली. "गार हाय."

 तारा आमच्याकडं बघत होती. म्हणाली, "बा, आईला दिलं व्हतं का असलं?"

नऊ वर्षांची पोर, पारू! खोटं बोलता आलं असतं. आक्का माझ्याकडं बघत राहिली.

"न्हाई," म्हटलं. "तिनं मागितलं व्हतं. म्या दिलं न्हाई."

पोर छपराकडं बघत पडली. मला वाटलं, आता ही माझ्या हातचं घ्यायची नाही. मग म्हणाली, "उद्या करशील मला?"

करीन म्हणालो. तिला दिलेला शब्द तुलाही देतो. उद्या करीन, परवा करीन, ती पळायला लागेपर्यंत करीन, मग श्रावण असो नाहीतर आणखी काही. आणि या घरात कुणी भूक लागली म्हणालं, तर त्याला गप पड म्हणणार नाही.

तुझा,
महादू