एका आईची दोन नावे आणि डुकराची मागची तंगडी

प्रति,
मा. सचिव श्री. तोआलेपा,
परदेशी उपचार शिफारस समिती, आपिया.

विषय : माझी आई ही एकच बाई असल्याचे मान्य करून शिफारसपत्रावर सही करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले नकाराचे पत्र क्र. ४१.
२) आपण आमच्याकडे केलेले जेवण.

महोदय,

मी सेलेपा, इयत्ता अकरावी, राहणार सालेआपु, अर्ज करते की, माझ्या आईला रक्ताचा कर्करोग आहे. केमोच्या सहा फेऱ्या मी तिची बादली धरली आणि गृहपाठ तिच्या खाटेशेजारी केला. आजार परतला. आता ऑकलंडच्या डॉक्टरांनी नव्या उपचाराच्या चाचणीत तिच्यासाठी एक जागा ठेवली आहे. तिच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना आजार ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायच्या. ताप येईल, भ्रम होईल, गुण येईलच असेही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आईने सगळे ऐकून विचारले, "तिथं थंडी फार असते का गं?" आमच्या घरी याला होकार म्हणतात. जागा फक्त शुक्रवारपर्यंत आहे.

२. आपण लिहिता की, आधीचे कागद 'फिलोइ' हिचे व नंतरचे 'लेउलुआ' हिचे, सबब रुग्ण कोण हे निश्चित होत नाही. महोदय, मधल्या काळात घराण्याने आईला आजोबांची 'लेउलुआ' ही घराण्याच्या प्रमुखाची पदवी दिली. पदवी मिळाली की नाव बदलते, हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही कळते. आपणही जन्मतः तोआलेपा नव्हतात. खुलासा घेऊन मी खिडकीवर गेले, तर आपले कारकून म्हणाले, "पोरी, दोघींना एकदमच घेऊन ये. नाहीतर पहिलीचा मृत्यूचा दाखला आण!" आतून आपण हसलात. मी ऐकले.

३. त्याच पदवीच्या जेवणाला आपण पहिल्या रांगेत होतात. डुकराची मागची तंगडी वाट्याला येताच उभे राहून "लेउलुआ, शंभर वर्षं जग!" असे ओरडलात आणि तंगडी टोपलीत घालून घरी नेलीत. तेव्हा ती कोण, हे अगदी निश्चित होते.

४. येत्या रविवारी मुलांचा पांढरा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये आम्ही पाठांतर म्हणतो आणि मोठ्यांनी मधे बोलायचे नसते. यंदा शाळेत वक्तृत्वात मी पहिली आले, म्हणून सर्वांत लांब पाठांतर मला मिळाले आहे. आपली जागा दुसऱ्या बाकावर, पंख्याखाली. माझी दोन पाठांतरे तयार आहेत : एक नोहाच्या नावेचे, एक आपले. आपले जास्त रंगते; तंगडीपाशी मी थांबणार आहे, लोकांना वळून बघायला वेळ मिळावा म्हणून. आई म्हणते, "सेले, माफ कर गं, मोठा माणूस आहे." करीन. ती बरी होऊन आली की लगेच.

शुक्रवारपर्यंत सही झाली तर नोहा.

आपली, रविवारपर्यंत नम्र,
सेलेपा
सोमवार, ७ ऑक्टोबर

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र.
२) दोन्ही नावांचे दाखले.
३) छायाचित्र : आई, आपण व तंगडी. तिघेही स्पष्ट ओळखू येतात.