आईच्या फोनचं शेवटचं अपडेट

अण्णा, आईच्या फोनला आता एकच अपडेट जाईल आणि ते शेवटचं असेल. आज दुपारच्या मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरनेच हे पक्कं सांगितलं. तुम्ही गेलात तेव्हा घरात बटणांचा फोन होता, म्हणून सांगते: आता फोन विकल्यावरही कंपनी त्याला दुरुस्त्या पाठवत राहते. किती वर्षं, ते कंपनीच ठरवते. महागड्या फोनांना हल्ली सात-सात वर्षं कबूल करतात. आईचा साधा, त्याची मुदत भरली. तो बंद पडणार नाही, पण त्यातले दोष यापुढे कुणी काढणार नाही आणि हळूहळू एकेक ॲप रुसायला लागेल. मारतहळ्ळीच्या ऑफिसात मी याच दुरुस्त्या तपासते. मीटिंग संपल्यापासून एका जागी बसवत नाही. दोनदा खाली जाऊन कॉफी आणली, दोन्ही गार झाल्या.

फोन दुसरा घेता येईल. पण आईची समजूत अशी, की ही अपडेट मी तिला पाठवते. मी इथे लागल्यावर तिला हा फोन दिला, आणि पहिली सूचना आली तसा तिने मला फोन लावला, "अगं, तू पाठवलेलं आलं. दाबू का?" शेजारच्या अक्कांनी समजावून पाहिलं, "आमच्या फोनला पण येतं की हो." आई म्हणाली, "मग तुम्हाला पण माझीच लेक पाठवते. स्वल्प उपकार माना तिचे." एरवी ती आपणहून कधी फोन करत नाही, मी कामात असेन म्हणते. नवरात्रात आयुधपूजेला तुमच्या दुकानातल्या पान्यांशेजारी हा फोन ठेवते, कुंकू लावते, आणि मग मी टाचणी घेऊन स्पीकरच्या भोकांतलं कुंकू काढत बसते.

शिवाजीनगरचं आपलं दुरुस्तीचं दुकान आज सारखं आठवतंय. मी कॉलेजात आहे, तुम्ही जेवायला गेलात, आणि एका बाईंना मी सांगून टाकते, "या मिक्सरचे पार्ट येत नाहीत, नवा घ्या." तुम्ही आल्यावर ऐकता आणि म्हणता, "पार्ट येत नाहीत हे सरी, बरोबरच. पण उभ्या-उभ्या सांगितलंस? नाही म्हणायचं असलं तरी माणसाला आधी बसवावं." संध्याकाळी सायकल काढून तुम्ही त्यांच्या घरी गेलात आणि तेच ‘नाही’ पुन्हा सांगून आलात. आई भडकली, "नाही सांगायला एवढं लांब! घरचा मिक्सर कधीचा बंद आहे, त्याला हो म्हणा की!"

आईला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहितेय, कारण हे कुठे पाठवावं लागत नाही. अपडेट थांबली तर तिला वाटेल, लेकीने पाठवायचं सोडलं. खरं काय ते सांगितलं, तर इतकी वर्षं अपडेट मी पाठवत नव्हते, हेही सांगावं लागेल. मीटिंगमध्ये मी विचारून बघितलं, अजून एखादं पाठवता येईल का? मॅनेजर म्हणाला, "ग्राहकांच्या तक्रारी आहेत का?" मी हो म्हणाले, तरी त्याने सोमवारचं शेवटचंच ठरवलं. तक्रार एकही नव्हती, अण्णा. मला तिचा फोन यायला हवा होता.

सोमवारी अपडेट सुटेल. जेवण उरकून आई फोन करेल, दाबू का विचारेल, आणि मी दाब म्हणेन.